पायाखालचे पावसाळे

सागाची नुकती रंधलेली फळी खिडकीशी उजेडात धरून पाहावी. सोनेरी तपकिरी अंगावर गडद रेघा असतात, काही सरळ, काही निमुळत्या होत वर चढलेल्या. डोळे आणखी जवळ नेले की रेघ विरते आणि तिच्या जागी लांबट, बारीक चरे दिसू लागतात, दाटीने एकाशेजारी एक. हे चरे म्हणजे उभ्या चिरल्या गेलेल्या पाण्याच्या नळ्या. माघ-फाल्गुनात साग सगळी पानं टाकून उघडा उभा राहतो. वळवाच्या सरी येतात, जमिनीत ओल उतरते, आणि झाड त्या वर्षातल्या सगळ्यांत रुंद नळ्या घडवतं, कारण ताटाएवढी पानं उलगडायची असतात आणि त्यांना पाणी लागतं. पाऊस स्थिरावला की नळ्या बारीक होत जातात, लाकूड दाट होतं. हिवाळ्यात काम मंदावतं, थांबतं. पुढच्या वर्षी पुन्हा रुंद नळ्यांची ओळ. फळीवरच्या एकेका गडद रेघेपाशी असं एकेक वर्ष सुरू झालेलं असतं.

अशी फळी घराच्या जमिनीत बसते आणि आपण अनवाणी पायांनी तिच्यावरून चालू लागतो. स्वयंपाकघरातून ओसरीत येईपर्यंत कितीतरी पावसाळे पायाखालून जातात. झाड तोडलं, चिरलं, वाळवलं, पॉलिश केलं, तरी लाकडाचं पाण्याशी असलेलं नातं तुटत नाही. जमिनीत लाकूड बसवण्याची जी काही कला माणसाने उभी केली, त्यातल्या नक्षी, सांधे, फटी, सगळं या नात्याचा मान राखण्यासाठी आहे. हे मला बंगळुरात राहून कळलं, आणि ते कळल्यापासून लाकडी जमिनीवर चपला घालून पाऊल टाकवत नाही.

सागाच्या या रेघा वाचण्याचं मोठं काम आपल्या पुण्यात झालं. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागाच्या वलयांची रुंदी मोजून १४८१ ते २००३ अशी तब्बल ५२३ वर्षांची मालिका जुळवली आणि २०१० साली ती प्रसिद्ध केली. पॅसिफिक महासागरात एल निनो उठतो, इकडे मोसमी पाऊस रोडावतो, आणि सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या रानात सागाचं त्या वर्षीचं वलय अरुंद होतं. दूरच्या समुद्राचं तापणं झाडाच्या अंगात उतरतं. १४८१ म्हणजे बहमनी वजीर महमूद गवानचा वध झाला ते वर्ष. या मालिकेच्या काळात १६३० चा दुष्काळ येतो, ज्यात देहूला तुकोबांच्या घराची वाताहत झाली. १६३८ येतं, जेव्हा बंगळूर आदिलशाही फौजेच्या हाती लागलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ येतो, ज्याने दख्खन आणि म्हैसूर संस्थान दोन्ही पोळून काढलं. माणसांनी बखरी लिहिल्या, दानपत्रं कोरली. झाडं त्याच काळात आपल्या अंगात पावसाची नोंद करत उभी होती, कुणी वाचावं म्हणून नव्हे, केवळ जगत राहिली म्हणून.

बंगळुरातल्या मराठी माणसाला लाकडाकडे जायची एक वाट मल्लेश्वरमातून सापडते. या भागाला ज्याचं नाव मिळालं तो काडू मल्लेश्वर म्हणजे रानातला शंकर. सतराव्या शतकातलं हे देऊळ शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या नावाशी जोडलेलं आहे; १६६९ चा दानलेख तिथे आहे. देवळाभोवती आज दुकानं, दवाखाने आणि फुलवाल्यांच्या टोपल्या आहेत, पण देवाच्या नावातलं रान कुणी काढून घेतलेलं नाही. आणि त्याच मल्लेश्वरमात, अठराव्या क्रॉसवर, काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ साली म्हैसूर संस्थानाच्या काळात वनसंशोधन प्रयोगशाळा म्हणून तिची सुरुवात झाली. १९८८ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. तिथे लाकडांच्या नमुन्यांचा संग्रह आहे. साग, शिसव, ऐन, किंजळ, नाणा, हेद, बिबळा, फणस. आपल्या सह्याद्रीतली सगळी ओळखीची मंडळी तिथे हातभर तुकड्यांच्या रूपाने भेटतात. प्रत्येकाचा रंग वेगळा, वजन वेगळं, वासही वेगळा. रानात पानाफुलांवरून ओळखायची सवय असलेल्या माणसाला इथे पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं.

आणखी दक्षिणेला, कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटालगत टिपूचा उन्हाळी महाल आहे. १७८१ साली हैदरअलीने बांधायला घेतला, १७९१ साली टिपूने पुरा केला. खांब, कमानी, सज्जे, सगळं बहुतांशी सागाचं. तिथे गेलात तर कमानींवरून नजर खाली आणा आणि खांबांचे पाय बघा. प्रत्येक खांब दगडाच्या बैठकीवर उभा आहे. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून केलेली ती सोय आहे. सव्वादोनशेहून जास्त पावसाळे त्या महालाने पाहिले. साग मजबूत म्हणून टिकला हे खरंच. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, वाळवीला ती मानवत नाहीत. पण त्याचे पाय कोरडे ठेवणारा कुणीतरी शहाणा कारागीर होता, म्हणूनही तो टिकला.

पाण्याशी लाकडाचं नातं नेमकं कसं असतं ते समजून घेतल्याशिवाय नक्षीचं मर्म कळत नाही. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक नळ्यांच्या पोकळीत, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. पोकळीतलं पाणी आधी जातं आणि त्याने लाकडाच्या आकारात काही फरक पडत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास उतरला की भिंतीतलं पाणी सुटू लागतं, आणि तिथून लाकूड आक्रसायला लागतं. हवा दमट झाली की तेच पाणी परत भिंतीत शिरतं, लाकूड फुगतं. शंभर वर्षांपूर्वीच्या दाराची फळीसुद्धा आषाढात चौकटीत घट्ट बसते, ती यामुळेच. हे फुगणं-आक्रसणं सगळ्या दिशांनी सारखं नसतं. लांबीत ते जवळजवळ नसतंच. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं असतं, आणि वलयांच्या कडेने, म्हणजे घेराच्या दिशेत, त्याच्या दुप्पट. म्हणून ओंडका कसा चिरला यावर फळीचा पुढचा स्वभाव ठरतो. वलयं फळीच्या तोंडाला उभी राहतील अशी चिरली तर ती शांत राहते, रेघा सरळ येतात. वलयं तोंडाशी आडवी पडतील अशी चिरली तर रेघांचे सुंदर डोंगर उठतात, पण कडा उचलण्याची खोडही तिच्यात राहते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. मे महिन्यात संध्याकाळी ढग दाटून वळीव कोसळतो, नंतर नैऋत्येचा पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर आकाश दोन्ही बाजूंनी भरून येतं. घरातली लाकडी जमीन हे सगळं बसल्या जागी जाणते. समजा तीन मीटर रुंदीची खोली आहे आणि सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने बसवल्या आहेत. लाकडातला ओलावा कोरड्या दिवसांपासून पावसापर्यंत चार टक्क्यांनी वाढला, तर आडव्या चिरीच्या सागाच्या त्या पट्ट्या मिळून हिशेबाने दोन सेंटिमीटर पसरायला बघतात. सागासारख्या सोशिक लाकडाची ही गोष्ट. इतर कितीतरी लाकडं याहून जास्त पसरतात. जागा नसेल तर जमीन मधोमध फुगून वर उठते, आणि तिला खाली दाबून ठेवेल असा खिळा नाही. चारही भिंतींलगत दहा-बारा मिलिमीटरची फट सोडतात ती यासाठी. त्या फटीवर पट्टी बसते, म्हणून ती कुणाच्या नजरेला पडत नाही, पण सगळी जमीन तिच्या भरवशावर श्वास घेत असते.

आता नक्षी. लाकडाचे आखूड तुकडे एकमेकांना काटकोनात बसवले तर काय होतं? प्रत्येक तुकडा रुंदीत थोडासा पसरतो, लांबीत जवळजवळ नाही. शेजारच्या तुकड्याची दिशा वेगळी, त्याचं पसरणं वेगळ्या बाजूला. सगळा ताण एका भिंतीवर न जाता खोलीभर वाटला जातो. हेरिंगबोन म्हणतात ती माशाच्या काट्याची नक्षी अशीच आहे: चौकोनी टोकांच्या पट्ट्या, एकीचं टोक दुसरीच्या कुशीला टेकलेलं, नागमोडी वळत जाणारी ओळ. शेवरॉनमध्ये पट्ट्यांची टोकं तिरकी कापतात आणि टोकाला टोक भिडवतात. मग बाणांच्या एका सरळ रेषेत खोली दुभागते. देखणी आहे, पण प्रत्येक टोकाचा त्रिकोण वाया जातो. लाकूड पाहून जीव तुटणाऱ्या माणसाने ती विचार करून निवडावी. चटईच्या विणीची नक्षी सर्वांत साधी: चार-पाच पट्ट्यांचा चौकोन आडवा, पुढचा उभा. लहान खोलीत, जुन्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून ती फार छान जमते. मला स्वतःला तीच जवळची वाटते. फांद्यांचं, आखूड ओंडक्यांचं, वाड्याच्या मोडक्या दारांचं लाकूड तिच्यात सामावतं. कुठलाही तुकडा लहान म्हणून परत पाठवावा लागत नाही.

या नक्षींचं सौंदर्य उजेडात आहे, आणि ते लाकडाच्या रचनेतून येतं. लाकडाचे तंतू एका दिशेने जातात. उजेड त्यांच्या लांबीच्या दिशेने आला तर एका तऱ्हेने परततो, आडवा आला तर दुसऱ्या. म्हणून एकाच झाडाच्या, एकाच रंगाच्या पट्ट्या हेरिंगबोनमध्ये एकाआड एक फिक्या आणि गडद दिसतात. दारातून पाहिलं तर डावीकडे झुकलेल्या पट्ट्या उजळ असतात. खोली ओलांडून खिडकीपाशी जाऊन मागे वळलं तर त्याच पट्ट्या काळवंडलेल्या आणि उजवीकडच्या उजळलेल्या. रंग कुणी लावलेला नाही. सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून येतं तेव्हाची जमीन वेगळी, संध्याकाळची वेगळी, पावसाच्या करड्या दुपारची आणखी वेगळी. अशी जमीन तयार करणाऱ्याने झाडाला काहीही जोडलेलं नसतं. झाडातल्या गुणाला फक्त दिशा दिलेली असते.

फ्रान्सात व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवरी जमिनी होत्या. त्या सारख्या धुवाव्या लागत, पाणी झिरपे आणि खालच्या लाकडी तुळया कुजत. म्हणून १६८४ साली संगमरवर काढून ओकच्या लाकडाचे मोठे चौरस बसवले गेले, आत तिरक्या पट्ट्यांची जाळीदार गुंफण, सांध्यांना लाकडी खुंट्या. त्या नक्षीला आजही त्या राजवाड्याचं नाव आहे. म्हणजे तिथेही गोष्ट पाण्यापासूनच सुरू झाली.

आपल्याकडे लाकडी जमीन होतीच, फक्त आपण ती खालून पाहत आलो. वाड्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर माती किंवा चुन्याचा थर, आणि वर शेणाने सारवलेली माडीची जमीन. हा कडीपाट. माडीवर चालणाऱ्याच्या पायाला माती लागे. माजघरात उताणं पडलेल्या माणसाला मात्र कड्यांच्या ओळी, पाटांचे सांधे, लाकडाचा काळसर झालेला रंग दिसत राही. बाळंतीण, आजारी माणूस, दुपारी आडवी झालेली आजी यांच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास तेच छत असे. श्रीमंत वाड्यांत त्याखाली तक्तपोशी मारत आणि तिच्यावर नक्षी कोरत. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबाग वाडा, १८०७ च्या सुमाराचा, त्याचे सुरूदार सागवानी खांब पाहिले की कळतं, लाकडातलं झाड त्या कारागिरांना सतत दिसत होतं. इकडे म्हैसूरच्या कारागिरांनी शिसवात रंगीत लाकडाचे तुकडे बसवण्याची कला इतकी वाढवली की म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. झाडं, हत्ती, नद्या, वाटा, सगळं निरनिराळ्या लाकडांच्या मूळ रंगांतून. जमिनीची नक्षी आणि हे जडावकाम एकाच ज्ञानातून येतात: कोणतं लाकूड कोणाशेजारी सुखाने नांदेल.

बंगळुरात हे काम करणारे बरेच सुतार राजस्थानातून आलेले आहेत. त्यांचा हात फार सफाईदार. पण मला ज्यांच्यापाशी बसून शिकायला मिळालं ते मिस्त्री खानापूरकडचे, मराठी बोलणारे. सागाच्या पट्ट्या खोलीत आणून त्यांनी रचल्या, प्रत्येक दोन थरांमध्ये बारीक काड्या ठेवून, म्हणजे वारा सगळीकडून फिरावा. मग हत्यारांची पेटी बंद करून घरी निघाले. आजपासून काम सुरू होणार होतं ना, असं विचारल्यावर म्हणाले, "सुरूच झालंय की ताई. आठ-दहा दिवस लाकडाला घर ओळखू द्या. मग ते आपलं ऐकंल." त्या आठवड्यात खिडक्या रोज उघडल्या, रोज लावल्या, जशा पुढे राहायच्या होत्या तशाच. लाकूड तिथल्या हवेशी स्वतःचा ओलावा जुळवून घेत होतं.

मग त्यांनी खालच्या काँक्रीटची परीक्षा घेतली. नव्या इमारतीचा स्लॅब वरून कोरडा दिसला तरी कित्येक महिने आतून ओला असतो. प्लास्टिकचा एक चौकोनी कागद जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. खाली थेंब जमले असतील तर थांबायचं. थांबायला कुणाला आवडत नाही, गृहप्रवेशाचा मुहूर्त समोर असतो. पण या थेंबांपुढे मुहूर्ताने नमतं घ्यावं. जमीन सपाट करून तिच्यावर ओल अडवणारा थर, त्यावर रिपा किंवा प्लायवुड, आणि त्यावर पट्ट्या. पट्टीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. खिळा जिभेच्या वरच्या कोनात तिरका जातो आणि पुढच्या पट्टीच्या खाचेत दडतो. सागाला गोंद लावायचा असेल तर आधी त्याच्या अंगावरचं तेल पुसावं लागतं, नाहीतर पकड येत नाही. त्याच्यात सिलिका असते, ती करवतीची धार लवकर खाते. मिस्त्री दर थोड्या वेळाने थांबून पात्याला धार लावत, आणि त्यात त्यांना कधी त्रागा नव्हता.

हेरिंगबोन भिंतीकडून सुरू करत नाहीत, खोलीच्या मधोमध सुरू करतात. गेरूत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरली, मधे बोटाने उचलून सोडली, आणि जमिनीवर सरळ तांबडी रेघ उमटली. त्या एका रेघेवर सगळी खोली अवलंबून असते. पहिल्या काही पट्ट्या बसवायला अर्धा दिवस गेला, कारण तिथे केसभर चूक राहिली तर भिंतीपर्यंत ती बोटभर होते. नंतर हात वेगाने चालला. शेवटी घासकाम, आणि जवसाच्या तेलाचे हात. तेल लागताच लाकूड गडद झालं, आणि इतके दिवस फिक्या धुळीखाली दबलेल्या रेघा एकदम वर आल्या.

अख्ख्या लाकडाऐवजी थरांची जमीनही मिळते. वर खऱ्या लाकडाचा दोन ते सहा मिलिमीटरचा थर, खाली प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे. तंतू उलटसुलट दिशांनी चिकटवलेले असल्यामुळे एकमेकांचं पसरणं रोखतात. प्लायवुडवर संशोधन करणारी संस्थाही १९६२ साली बंगळुरातच सुरू झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा पर्याय चांगला आहे, आणि मी तो कमअस्सल मानत नाही. थोड्या लाकडात जास्त घरं सजतात, रानावरचा भार कमी होतो. पाहायचं एवढंच की वरचा थर पुन्हा एक-दोनदा घासता येईल इतका जाड असावा. बांबूचाही विचार करावा. दिल्लीत २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनात सागवान नागपूरहून गेलं आणि बांबूची जमीन त्रिपुरातल्या आगरतळ्याहून. बांबू हे गवत. कापलं तरी कंदातून पुन्हा उठतं, चार-पाच वर्षांत पक्व होतं.

लाकूड कुठून आलं हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वनसंप्रवेश नावाचा अध्याय आहे. मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात जाणाऱ्याने कोणती झाडं तोडू नयेत हे त्यात सांगितलं आहे: स्मशानातली, देवळातली, वारुळावर उगवलेली, वेलींनी वेढलेली, वीज पडलेली, मधाची पोळी असलेली. जे निवडलं त्याची रात्री पूजा करायची आणि त्यावर राहणाऱ्या जिवांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायची, मगच कुऱ्हाड. वीज पडलेल्या झाडात आतून चिरा गेलेल्या असतात, हे आज प्रयोगशाळाही सांगेल. पण मधमाशांचं झाड सोडून द्यायला सांगणाऱ्याला लाकडापलीकडचंही काही दिसत होतं.

आपल्या पिढीला तशी विनंती करता येत नाही. झाड कोणत्या रानात उभं होतं हेच आपल्याला ठाऊक नसतं. बाजारात येणारं पुष्कळसं सागवान घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका इथल्या लागवडीतून जहाजाने येतं. पंधरा-वीस वर्षांत वाढवलेल्या सागाची वलयं रुंद असतात, गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त; त्याच्यात ते संरक्षक तेल पुरेसं साठलेलं नसतं. जंगल खात्याच्या लागवडीत सागाला पन्नास, साठ, कधी ऐंशी वर्षं उभं राहू देतात, आणि त्या काळाला पर्याय नाही. शिसवाचं तर आणखी नाजूक आहे. जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशाच्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, कारण रानं रिकामी होत चालली होती. नव्या शिसवाची जमीन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं शिसव हाती आलं तर एखादी बारीक किनार पुरे.

गडचिरोलीत आलापल्लीच्या जंगलाचा सहा हेक्टरांच्या आसपासचा एक तुकडा तोडीपासून राखून ठेवलेला आहे. २०१४ साली तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. लाकडी जमीन घेण्याचा विचार असलेल्या प्रत्येकाने एकदा आलापल्लीला जावं, जुन्या सागाखाली उभं राहून वर बघावं. पावसाळ्यात गेलात तर शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे तुरे दिसतील; पावसाळा सरताना गेलात तर अळ्यांनी खाऊन पानांची जाळी केलेली दिसेल. कोवळं पान तळहातावर चुरलं तर हात लाल होतो. हे झाड आपण घरात आणतो आहोत, ही जाणीव पट्टीचा दर विचारण्याआधी व्हायला हवी.

बंगळुरात बसवनगुडी आणि मल्लेश्वरममधली जुनी घरं पडतायत. त्यांच्या छतांतून सागाच्या कड्या निघतात, कित्येक शंभरीच्या आसपासच्या, आणि वखारीत येऊन पडतात. खिळे काढून, लोहचुंबकाने तपासून, नव्याने चिरलं की आतून ताजं सोनेरी लाकूड निघतं, दाट वलयांचं. पुण्यात, वाईत, नाशकात, बेळगावात वाडे पडतायत तिथेही हेच आहे. घरात लाकडी जमीन बसवणार असाल तर आधी या वखारींत जा. आखूड तुकडे मिळाले तर घ्या, त्यांच्यासाठी चटईची नक्षी आहे. नवं लाकूड घ्यायचंच असेल तर लागवडीचं घ्या आणि वाहतूक परवान्याचे कागद दाखवायला सांगा. मिस्त्रींना आठ-दहा दिवस जास्त द्या, त्यांची मजुरी कापू नका. जमीन ओल्या फडक्याने नव्हे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. भिंतीलगतची फट सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवू देऊ नका. आणि विकणारा साग म्हणून जे दाखवतो आहे ते सागच आहे का अशी शंका आली, तर एक छोटा तुकडा कापून घ्या. मल्लेश्वरमच्या संस्थेत शुल्क भरून लाकूड ओळखून मिळतं.